कारखान्याला जाताना झाडं कुणाकडं ठेवायची?

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, ज्वारी निवडता निवडता ऐकणाऱ्या आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या, आज्या, सगळ्यांना आमच्या गटाचा रामराम.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली. आता गाड्या भरायला लागल्या. धारूर घ्या, वडवणी घ्या, पाटोदा, शिरूर कासार, केज घ्या, आपल्या बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीवर, तांड्यावर जा, सध्या हेच चित्र आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाचं पोतं, अंथरूण-पांघरूण, कोंबड्यांचं डालगं, एखादी शेळी आणि सगळ्यात वर लेकरं. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी साताऱ्याला, सोलापूरला, नगरकडं, कुणी पार कर्नाटकात बेळगावकडं. हंगाम संपून पट्टा पडायला मार्च उजाडतो, कधी एप्रिल. तोवर घराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं.

गाडीत सगळं बसतं, पण दारातली झाडं बसत नाहीत. ज्या तुळशीचं चार दिवसांपूर्वी लग्न लावलं, ती वृंदावनात एकटी राहते. कढीपत्ता, अळूचा वाफा, मोरीच्या पाण्यावरची हळद, मिरचीची चार झाडं, तेलाच्या डब्यातला मोगरा, सगळं मागं राहतं. पाडव्याला परत येऊन बघावं तर काड्या उभ्या. मग पावसाळ्यात पुन्हा नवीन रोपं, पुन्हा नवीन बी. दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात. परसबागेच्या बैठकीत आम्ही पोषणाच्या गोष्टी सांगतो, शेवग्याच्या पाल्यात लोह आहे म्हणतो, रोज हिरवी भाजी खा म्हणतो. पण ज्या बाईची बाग दर वर्षी पाच महिने वाऱ्यावर पडते, तिला नुसतं "खा" म्हणून काय उपयोग?

म्हणून आज बोलायचंय ते हे, की पाच महिने झाडं सांभाळायची कशी आणि सांभाळायची कुणी. आम्हाला हे पहिल्या वर्षी जमलं नव्हतं. आमच्या हातून झाडं मेली. ते आधी सांगतो, कारण त्यातूनच आम्ही शिकलो.

पहिल्या वर्षी आमच्या गटातल्या सहा घरांनी जाताना आपली झाडं आमच्याकडं ठेवली. डबे, फुटक्या बादल्या, कुंड्या, सिमेंटच्या गोण्या धरून एकूण तेवीस. जिथं गटाची बैठक भरते, तिथल्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही ती ओळीनं लावली. आत शेळ्या येत नाहीत, थंडी लागत नाही, आम्ही खुश. आणि दुसऱ्याची ठेव आहे म्हणून रोज सकाळी प्रत्येकाला एक तांब्या पाणी. एक दिवस चुकवला नाही.

पौषात कढीपत्त्यानं पानं टाकली. आम्हाला वाटलं, तहानलाय. एकाचे दोन तांबे केले. तुळस काळी पडली. पानओवा खालून सडला, हात लावला की बुडखा हातात यायचा. संक्रांतीनंतर एका कढीपत्त्याचा डबा उलटा करून बघितला तर मुळं काळी, बोटात धरली की साल सुटून यायची, आणि डबक्याचा वास. कोरड्यानं नाही, आमच्या पाण्यानं मेला होता तो. पाडव्याला बायका परत आल्या तेव्हा तेवीसपैकी सात हिरवी होती.

त्यात एक मोगरा होता. आमच्यातल्या एका ताईला पहिल्या बाळंतपणाहून सासरी येताना तिच्या आईनं फांदी रुजवून दिलेला. आई आता राहिली नाही. मोगऱ्याची पानं पार गेलेली, नुसत्या काड्या, म्हणून आम्ही आठच दिवसांपूर्वी तो डबा उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवला होता. ताई आली, तिला सांगताना आमची मान वर होईना. ती काही बोलली नाही. उकिरड्यावर गेली, डब्याशी बसली आणि नखानं काडीची साल जरा खरवडली. खाली हिरवं होतं.

"याला मेलं कोण म्हणालं?" तिनं विचारलं. "ऊस तोडल्यावर रान मेलं म्हणता का तुम्ही?"

तिनं काड्या वितीवर छाटल्या, वरची माती काढून शेणखत घातलं, पाणी दिलं. वैशाखात त्याला कळ्या आल्या. बाकीची मात्र गेली ती गेलीच. तिच्याच शेजारणीचा कढीपत्ता होता, तिच्या सासूनं लावलेला. तो आम्हाला परत देता आला नाही.

मैत्रिणींनो, झाडाचीही झोप असते. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ बघा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं ते नावाजलेलं. पण थंडी सरता सरता त्याच झाडाकडं बघा, पानं गाळून नुसतं सापळ्यासारखं उभं असतं. कुणी त्याला पाणी घालत नाही, कुणी मेलं म्हणून तोडत नाही. उन्हाळ्यात त्याला पालवी येते. झोपलेलं झाड पाणी फार थोडं पितं. पानं कमी, ऊन कमी, थंडी जास्त, म्हणजे त्याचं काम कमी. अशा वेळी आपण रोज पाणी ओतलं तर ते मातीतच साचतं, मातीतली हवा जाते आणि मुळं गुदमरून कुजतात.

बर्फ पडणाऱ्या देशांत तर हे दर वर्षीचं काम आहे. तिथं थंडीत पानातलं पाणीसुद्धा गोठतं, म्हणून उबदार मुलखातली झाडं हिवाळ्यात घरात घ्यावी लागतात. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्याच्या कुंड्या थंडीत ठेवण्यासाठी सतराव्या शतकात मोठी इमारतच बांधली, ती अजून उभी आहे. राजाचं सोडा. अमेरिकेत थंड गावांत राहणाऱ्या आपल्या मराठी बायका तुळशीची आणि कढीपत्त्याची कुंडी थंडी पडायच्या आत घरात घेतात, खिडकीशी ठेवतात, पाणी कमी करतात आणि ऊब आली की पुन्हा बाहेर काढतात. झाड वाढावं ही त्यांची अपेक्षाच नसते. ते तगावं, एवढीच असते.

आपल्याकडं बर्फ नाही. पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी खालीही जातो, आणि मार्च लागला की ऊन तापतं. म्हणजे आपल्या झाडांना आधी थंडी आणि मग चटका, दोन्ही काढायचे असतात, आणि मालकीण दोन्ही वेळेला गावात नसते. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. ती आता क्रमानं सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या. नसेल तर ऐका, अवघड काही नाही.

पहिलं काम, जायच्या आधी आठवडाभर झाडांची वाटणी करायची. सगळी झाडं ठेवायची नसतात. आम्ही चार वाटे करतो.

पहिला वाटा खोडव्याचा. ऊस तोडणाऱ्या बाईला खोडवा आम्ही काय शिकवावा? जमिनीलगत कोयता घातला की बुडातून पुन्हा फुटवे येतात, हे तुम्ही रोज बघता. तसंच वांग्याचं आहे. वांगं एकदा तोडून झालं की उपटून टाकायचं झाड नाही. निरोगी झाड जमिनीपासून वीतभर ठेवून तिरपं कापा, ते पुन्हा फुटतं. मिरचीचंही तसंच, फक्त थोडी उंच कापा आणि दोन-चार फांद्या राखा. गवती चहा चार बोटं ठेवून कापा. शेवगा कमरेएवढा ठेवून छाटा. पानं कमी झाली की पाणी कमी लागतं आणि सांभाळणारीचं काम निम्मं होतं. ज्या झाडाला रोग आहे, पानं बारीक होऊन चुरगळली आहेत, ते मात्र ठेवू नका. ते दुसऱ्यांच्या झाडांनाही लावून देईल.

दुसरा वाटा मातीखाली झोपणाऱ्यांचा. हळद, अळू, निशिगंध. हळदीची पानं पौष-माघात आपोआप पिवळी पडून वाळतात. ती मेली म्हणून घाबरू नका आणि पाणीही घालू नका. पानं पूर्ण वाळली की मागं राहिलेल्या माणसानं कंद काढायचे. खायचे बाजूला करायचे, बेण्याचे चांगले टणक कंद सावलीत वाळूत नाहीतर वाळल्या पाल्यात झाकून ठेवायचे. अळूचे गड्डेही कोरड्या वाळूत राहतात. ही ठेव सगळ्यात सोपी, कारण तिला पाणीच लागत नाही. परत आल्यावर अक्षय्यतृतीयेच्या पुढं लावायला बेणं घरात तयार.

पाण्यावरून आठवलं. २०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी कुंडीला पाणी घाला असं कुणाला म्हणायची सोय नव्हती, माणसांनाच टँकरची वाट बघावी लागत होती. पण कोरड्या वाळूतला हळदीचा कंद आणि डबीतलं बी यांना त्या दुष्काळाचं काही नव्हतं. म्हणून दर वर्षी निम्मी बाग कोरडी ठेवता येईल अशी करायची, हे आम्ही धरून चाललो आहोत.

तिसरा वाटा बियांचा. गवार, भेंडी, दोडका, कारलं, भोपळा, पावटा, ही वेलं आणि झाडं ठेवायची नाहीत, त्यांचं बी ठेवायचं. पहिली चांगली दोन फळं झाडावरच पिकू द्या, बी काढून सावलीत वाळवा, राखेत घोळून डबीत भरा, डबीवर नाव आणि महिना लिहा. तुळशीचंही बी घ्या. तुळशीला मंजिऱ्या भरून आल्या की तिचं वय सरत आलेलं असतं, थंडीत ती बऱ्याचदा जातेच. वाळल्या मंजिऱ्या कागदात बांधून ठेवल्या की उन्हाळ्यात हातानं चुरून मातीवर पसरा, पुन्हा रोपं उगवतात. त्यामुळं तुळस गेली म्हणून मनाला लावून घेऊ नका. तिची लेक कागदात असते.

चौथा वाटा ओसरीत आणायच्या झाडांचा. कढीपत्ता, मोगरा, पानओवा, तुळशीचं लहान रोप, कोरफड आणि ज्याला कुणाचा तरी हात लागलेला आहे असं एखादं झाड. हा वाटा जेवढा लहान तेवढा बरा. आमच्या गटात एका घराच्या जास्तीत जास्त पाच कुंड्या घेतो.

आता दुसरं काम, जागा. पत्र्याची बंद खोली नको, हे आम्ही किंमत मोजून शिकलो. आत उजेड नसला की झाड दाराकडं मान काढतं, लांबट आणि पिवळं होतं. दिवसा पत्रा तापतो, रात्री तोच गार पडतो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे दक्षिणेकडं तोंड असलेली ओसरी. त्याचं कारण सोपं आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून त्याचं ऊन ओसरीत आतपर्यंत येतं. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा त्याच ओसरीत सावली असते. म्हणजे कुंडी हलवायला लागत नाही, थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली आपोआप. दक्षिणेची ओसरी नसेल तर पूर्वेची चालेल. कुंड्या भिंतीला चिकटून एकमेकींजवळ ठेवा, विटेवर ठेवा म्हणजे खालचं पाणी निघून जातं. डब्याच्या बुडाला भोक आहे का ते आधी बघा. आमची निम्मी झाडं बुडाला भोक नसलेल्या डब्यांतच मेली होती. फार गार रात्री वरून जुनं लुगडं नाहीतर बारदान टाका, सकाळी ऊन आलं की काढा.

तिसरं काम, पाणी. बोट मातीत दोन पेरं घाला. ओल लागली तर पाणी घालू नका, मग कॅलेंडरवर कुठलाही वार असो. मार्गशीर्ष-पौषात आठ दिवसांनी एकदा पाणी पुरतं, तेही सकाळी ऊन आल्यावर, संध्याकाळी नाही. कोरफडीला तर पंधरा दिवसांनी. वीस कुंड्यांना थंडीत आठवड्याला साधारण एक हंडा लागतो, जास्त नाही. हा हिशोब महत्त्वाचा आहे, कारण हंडा कुणाच्या तरी डोक्यावरून येतो. भाज्या, तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, कपड्याच्या सोड्याचं पाणी कुंडीत नको, ते मोरीमागच्या कर्दळीला आणि केळीला जाऊ द्या.

मातीवर उसाचं पाचट, वाळला पाला नाहीतर भुईमुगाची टरफलं चार बोटं जाडीनं पसरा, ओल टिकते. आणि संक्रांतीची सुगडं टाकून देऊ नका. रंग न लावलेलं मातीचं सुगड मोठ्या डब्यात मधोमध गळ्यापर्यंत पुरायचं, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं. माती लागेल तसं पाणी त्यातून पाझरून घेते. माघ-फाल्गुनात ऊन वाढतं तेव्हा याचा फार उपयोग होतो, पाणी घालायला दोन दिवस उशीर झाला तरी झाड धरून राहतं. आज्या म्हणतात, वाण देऊन झालं तरी सुगडाचं पुण्य चालूच आहे.

चौथं, किडीवर लक्ष. एकत्र ठेवलेल्या झाडांत पांढरा पिठ्या ढेकूण लवकर पसरतो. पानाच्या मागं, फांदीच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं की ते झाड लगेच बाजूला करा, ओल्या फडक्यानं पुसून काढा. जास्त असेल तर निंबोळी अर्क. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायचं, साबणाचा चुरा चिमूटभर, आणि संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या पावसाळ्यात वेचून ठेवल्या असतील तर पैसा लागत नाही. अडलं तर गेवराई तालुक्यात खामगावला आणि अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्र आहे, पान घेऊन जा आणि दाखवा.

पाचवं काम फाल्गुनातलं. मोगऱ्याला थंडीभर उपाशी ठेवलेलं असतं, त्याला माघात छाटायचं, शेणखत द्यायचं आणि मग पाणी वाढवायचं. बाकीची झाडं हळूहळू जागी होतात. पाणी आठवड्यातून एकदाचं दोनदा, मग गरज बघून तिनदा. कुठलंही झाड ओसरीतून एकदम उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. आधी सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं आठ-दहा दिवसांनी बाहेर. आणि ज्याच्यावर शंका येते त्याला टाकायच्या आधी नखानं खरवडून बघा. हिरवं निघालं तर थांबा. तपकिरी आणि कोरडं निघालं तर खाली, बुडाशी खरवडा. तिथंही कोरडं असेल तरच निरोप द्या.

इथवर झाडाचं झालं. आता माणसाचं.

ही झाडं सांभाळतं कोण? गावात मागं राहिलेली बाई. बहुतेक वेळा साठीची सासू, जिच्याकडं आधीच नातवंडं आहेत, म्हैस आहे, सोसायटीचं रेशन आणायचं आहे आणि गुडघे दुखतात. तिच्या ओसरीत आपण आणखी वीस कुंड्या ठेवून निघून जातो. दुसऱ्या वर्षी बैठकीत आम्ही म्हणालो, सांभाळणारीला काहीतरी मोबदला द्यायला हवा. तेव्हा काही जणी म्हणाल्या, शेजारधर्म आहे, पैसे कशाला? त्यावर आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "शेजारधर्म एका तुळशीचा असतो ग बायांनो. वीस कुंड्यांचा नसतो."

त्यावर वाद झाला, पण ठराव झाला. तो असा. पाच कुंड्यांपर्यंत हंगामाचे शंभर रुपये, उचल मिळाली की जायच्या आधीच गटाकडं जमा करायचे. गटानं ते सांभाळणारीला दर महिन्याला द्यायचे. पाच महिन्यांत झाडांवर जे येईल, मिरची, कढीपत्ता, शेवग्याचा पाला, ते तिचं. त्यावर कुणी हक्क सांगायचा नाही. फांद्या लावून तिनं नवीन रोपं केली तर तीही तिची. आणि एवढं करूनही एखादं झाड गेलं तर तिला कुणी बोल लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य आजींनी ठरावात मुद्दाम लिहायला लावलं.

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड आणि नोंदी. त्यातली नोंद इथंही लागते. आम्ही दोनशे पानी वहीत "रोप ठेव" असं एक पान केलं. कुणाचं झाड, कोणतं, किती, कधी दिलं, कसं होतं, कधी परत नेलं. डब्यावर ऑइल पेंटनं नंबर. जिला लिहिता येत नाही तिनं डब्यावर आपली खूण काढली, कुणी चांदणी, कुणी विळा. पहिल्या वर्षी आम्ही झाडं सगळ्यांनी मिळून सांभाळली होती. म्हणजे कुणी सकाळी पाणी घालायची, कुणी दुपारी पुन्हा घालायची. आता एका ओसरीची एकच बाई. तिला विचारल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही.

दुसऱ्या वर्षी एकतीस कुंड्या ठेवल्या. पाडव्याला सत्तावीस परत दिल्या. गेलेल्या चारपैकी तीन तुळशी होत्या आणि तिघींच्या मंजिऱ्या वहीत पुडी करून ठेवलेल्या होत्या.

काही जणी विचारतात, एवढा खटाटोप कशाला? पावसाळ्यात रोपं मिळतातच की. मिळतात. पण बघा, बाई पाच महिने पालाच्या कोपीत राहते, पहाटे तीनला फडात जाते, तिथं भाजी म्हणजे बाजाराच्या दिवशी आणलेली वांगी-बटाटी नाहीतर नुसती चटणी. परत येते तेव्हा अंगात रक्त कमी, हातात पैसा उचलीतच वळता झालेला, आणि चैत्र-वैशाखात भाजीचे भाव चढलेले. त्या दिवशी तिच्या दारात फुटलेला शेवगा असेल, मिरची लागलेली असेल, तर पहिल्याच संध्याकाळी भाकरीबरोबर पाल्याची भाजी होते. जून-जुलैत लावलेलं रोप तिला ती संध्याकाळ देऊ शकत नाही.

आणि दुसरंही एक आहे. कुलूप काढून आत आल्यावर दारात एखादं हिरवं झाड असलं की ते घर आपलं वाटतं. आमच्या त्या मोगऱ्यावाल्या ताईनं एवढंच सांगितलं, "आता जाताना मागं वळून बघावंसं वाटतं."

तर मैत्रिणींनो, ज्यांची गाडी अजून निघायची आहे त्यांनी या आठवड्यात तीन कामं करा. झाडांचे चार वाटे करा. डब्यांची बुडं बघा, भोक पाडा. आणि निघायच्या आधीच्या बैठकीत रोप ठेवीचा विषय घ्या, सांभाळणारीचं नाव आणि तिचा मोबदला दोन्ही एकाच ओळीत लिहा. ज्या गावातच राहणार आहेत त्यांनी एक करा. पाणी घालायच्या आधी बोट घाला.

ज्या निघाल्या आहेत त्या सगळ्या बायांनो, जपून जा. गाडीत लेकरांना मधे बसवा, कोयता गुंडाळून ठेवा, पोरीबाळींची शाळेची दाखले-पुस्तकं सोबत घ्या, नाहीतर हंगामी वसतिगृहाची चौकशी करून त्यांना इथंच ठेवा. झाडांची काळजी करू नका, ती आमच्या ओसरीत आहेत. पाडव्याला भेटू. रामराम.